पाकीट उघडून पाहणारी बाई

बक्षीस घेताना तिने कधी कुणाला नमस्कार केला नाही की कॅमेऱ्याकडे बघून हसली नाही. पाकीट हातात पडलं की ती तिथेच, मंचावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते फाडायची आणि आतल्या नोटा मोजायची. देणारा पाहुणा हात पुढे करून ताटकळत उभा असायचा. खाली कुणीतरी फिदीफिदी हसायचं. मोजून झालं की ती मान हलवायची, म्हणजे हिशोब बरोबर, आणि मग खाली उतरायची.

धावणाऱ्या मंडळींनी तिचं नाव ‘पाकीट’ ठेवलं होतं. “आज पाकीट आलंय का?” असं एकमेकांना विचारायचे. ती समोर असतानाही विचारायचे.

हे मोजणं उगाच सुरू झालं नव्हतं. पहिल्यांदा ती एका शर्यतीत पहिली आली तेव्हा तिनेही सगळ्यांसारखं हसून, वाकून, पाकीट छातीशी धरून घरी नेलं होतं. सासूबाईंच्या समोर उघडलं तर आत बुटांच्या दुकानातली सवलतीची चिठ्ठी. अमुक किमतीचे बूट घेतले तर तमुक टक्के सूट. ते अमुक किमतीचे बूट घ्यायला तिला दीड महिना राबावं लागलं असतं. आयोजकांकडे गेली तर ते म्हणाले, जाहिरातीत ‘रोख’ असा शब्द कुठे होता? सासूबाईंनी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “छान. आता हिला फोडणी देऊ.”

त्या दिवसापासून ती मंचावरच मोजायला लागली.

ती रस्त्यांवर पट्टे मारायच्या कामावर होती. रंगाची भट्टी ओढणारे दोघे, मुकादम आणि ती, अशी चौघांची टोळी. तिच्याकडे मोजणीचं चाक असायचं. लांब दांड्याचं, खाली एक चाक, वर आकडे फिरणारं यंत्र. ते ढकलत ती पुढे चालायची, खडूने खुणा करायची, मागून भट्टी यायची आणि उकळता पांढरा रंग सोडत जायची. रंग ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी फेकायचे, म्हणजे गाड्यांच्या दिव्यात पट्टा चमकतो. हे मणी पायताणात शिरायचे, केसांत अडकायचे, जेवणाच्या डब्यात सापडायचे. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं तर धरूनच चाला.

एका शर्यतीची सुरुवातीची रेघ मारायचं काम त्यांच्या टोळीकडे आलं, तेव्हा तिने बाजूला लावलेला फलक वाचला. बायकांमध्ये पहिलीला जे मिळणार होतं ते तिच्या दोन महिन्यांच्या मजुरीपेक्षा जास्त होतं.

“हे पैसे कशाचे?” तिने मुकादमाला विचारलं.

“पळायचे.”

“नुसतं पळायचे?”

“नुसतं पळायचे.”

“मग सगळे का पळत नाहीत?”

मुकादम हसला. ती हसली नाही. नवरा मालाच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. भाडं वाढलेलं. तिने दुसऱ्या दिवसापासून कामावर बसने जायचं सोडलं आणि पळत जायला लागली. वय सव्वीस. पहिल्या वर्षी तिसरी आली, दुसऱ्या वर्षी ती चिठ्ठी मिळवून बसली, आणि तिसऱ्या वर्षापासून आसपासच्या शर्यतींमध्ये पहिल्या तिघींत तिचा नंबर ठरलेलाच.

पळणं तिला आवडायचं नाही, आणि हे ती लपवायचीही नाही. पाचव्या किलोमीटरपासून तिच्या डाव्या कुशीत कळ यायची, पायांची नखं काळी होऊन गळायची. सकाळी उठून बूट चढवणं तिच्या जिवावर यायचं. पण ट्रकवर चढणंही नवऱ्याच्या जिवावर येत असेल, कोण विचारतं?

शहरातली मोठी शर्यत भरवणारं जे मंडळ होतं, त्याच्या लोकांना नेमकं हेच खुपायचं. मंडळाचा अध्यक्ष दातांचा डॉक्टर होता. चांगला गोरागोमटा, पन्नाशीतही पोट आत. हातातल्या घड्याळात हृदयाचे ठोके, झोपेचे तास, सगळं दिसायचं. तो दरवर्षी भाषणात सांगायचा की धावणं ही साधना आहे, पैशासाठी धावणारा माणूस धावण्याचा आत्माच गमावतो. एकदा हे बोलून तो खाली उतरला तर ती समोरच उभी.

“डॉक्टर, तुम्ही दात फुकट काढता?”

“तो माझा व्यवसाय आहे, बाई.”

“मग हा माझा आहे.”

आजूबाजूचे हसले. डॉक्टरही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढच्या वर्षी अर्जावर एक नवा रकाना आला: ‘तुम्ही का धावता?’ तिने लिहिलं: पैसे. मंडळाच्या चिटणीसाने अर्ज परत केला, म्हणाला नीट भरा. तिने ‘पैसे’ खोडून ‘रोख पैसे’ लिहिलं.

मंडळाशी तिचं असं. पण तिचं खरं वैर होतं ते एका नर्सशी.

नर्स सरकारी इस्पितळात होती, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, उंच, लांब टांगांची. तिलाही पैसेच हवे होते. धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्या पगारात भागत नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका शर्यतीच्या आधी, पाय मोकळे करताना, नर्स तिच्याजवळ आली होती आणि हळूच म्हणाली होती, “आपण दोघीच आहोत पुढे. तिसरी दोन मिनिटं मागे असते. पहिलं आणि दुसरं बक्षीस एकत्र करू, निम्मं-निम्मं घेऊ. उगाच जीव काढायचा कशाला? आरामात पळू.”

यात वाईट काही नव्हतं. पुरुषांमध्ये हे सर्रास चालायचं. पण ती तेव्हा चार शर्यती लागोपाठ जिंकलेली होती. निम्मं म्हणजे तिच्या खिशातलं जाणार होतं.

“निम्मं कशाला?” ती म्हणाली. “तू दुसरी येतेस. दुसरीचं घे.”

नर्सने तिच्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर दोघी कधी बोलल्या नाहीत. शर्यतीत मात्र एकमेकींना खेटून पळायच्या. पाण्याच्या टेबलापाशी नर्स मुद्दाम आतल्या बाजूने शिरून तिचा पेला पाडायची. तीही कमी नव्हती. वळणावर कोपर बाहेर काढून नर्सला फुटपाथकडे ढकलायची. एकदा दोघींची कोपरं रक्ताळलेली होती आणि मंचावर फोटोला दोघी शेजारी उभ्या होत्या.

तर तिच्या चौतिसाव्या वर्षी मंडळाने एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला विक्रमाचं वेगळं बक्षीस पुन्हा जाहीर केलं. जुना विक्रम मोडला तर पहिल्या बक्षिसाच्या दुप्पट रक्कम वर. जुना विक्रम चिटणीसाच्या पुतणीचा होता, तीन वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी नर्स आणि ती दुसऱ्या शहरात जास्त पैशांची शर्यत पळायला गेल्या होत्या. पुतणीला तेव्हा विक्रमाचे पैसे मिळाले होते, तिचा मोठा फोटो मंडळाच्या कचेरीत लावलेला होता. मधल्या वर्षांत विक्रमाला पैसे नव्हते, म्हणून तो मोडायला दोघींनी जीव काढला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी हवा कोरडी आणि थंड होती. शेवटच्या पाच किलोमीटरला नर्स तिच्या पुढे वीस पावलं होती. तिला नर्सची पाठ दिसत होती, पाठीवरचा घामाचा काळा डाग दिसत होता, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: ही बाई माझे पैसे घेऊन पळतेय. शेवटच्या चढावर तिने नर्सला गाठलं. तिच्या कानाशी आपल्या श्वासाची घरघर सोडत दोनशे पावलं नुसती चिकटून राहिली, आणि मग गेली. शेवटच्या रेघेवरच्या कमानीखाली पोचली तेव्हा घड्याळ पुतणीच्या वेळेपेक्षा नऊ सेकंद कमी दाखवत होतं. ती ओणवी होऊन ओकली. तोंड पुसून मंचाकडे गेली.

पाकीट उघडलं. पहिलं बक्षीस होतं. विक्रमाचं नव्हतं.

“बाकीचे?” तिने विचारलं. ध्वनिक्षेपक चालू होता, सगळ्या मैदानाने ऐकलं.

“तपासणी चालू आहे,” चिटणीस म्हणाला.

“कसली? घड्याळ तुमचं, कमान तुमची.”

“बाई, बाकीच्यांना वर येऊ द्या.”

सोळा दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की यंदा गटाराच्या खोदकामामुळे परतीचं वळण ऐनवेळी अलीकडे घ्यावं लागलं, त्यामुळे अंतर सुमारे दोनशे मीटर कमी भरलं, म्हणून वेळ विक्रम म्हणून धरता येत नाही. खाली डॉक्टरची सही आणि ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

तिने पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचे गुडघे धरलेले होते, दिवसभर खिडकीशी बसून असायच्या, पण जिभेला काही झालेलं नव्हतं.

“रस्ता कमी कसा पडतो गं?” त्यांनी विचारलं. “उन्हाने आटला?”

“बघते,” ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी तिने मुकादमाकडून चाक मागून घेतलं. मुकादम म्हणाला, “कशाला डोकं लावतेस? मोठी माणसं आहेत.” पण चाक दिलं. सुरुवातीच्या रेघेवर तिने आकडे शून्यावर आणले आणि चालायला लागली. गाड्या भोंगे वाजवत होत्या. एका टेम्पोवाल्याने विचारलं, “काय हरवलं का?” ती चाक ढकलत पुढे गेली. दुपारपर्यंत वळण गाठलं, आणि तिथे उभी राहून आकडा पाहिला. दहा हजार तीनशे शहाण्णव. जायचं-यायचं मिळून दोनशे आठ मीटर कमी. म्हणजे पत्रात लिहिलेलं खरं होतं. तिला रडू आलं असतं, पण राग इतका होता की त्याला जागा मिळाली नाही. लबाड लोकांनी खरं बोलावं याचाच तिला संताप आला.

ती खाली बसली. आणि बसल्यावर तिला रस्ता दिसला.

वळणाच्या जागी बाणाची खूण होती. ताजी नव्हती. चार पावसाळे खाल्लेली, कडा झिजलेली, मधे टायरांनी काळी पडलेली. तिने नखाने खरवडलं. हा फासलेला साधा रंग नव्हता, भट्टीचा होता, जाड, आणि त्यात मणी रुतलेले होते. भट्टीचा रंग आदल्या दिवशी घाईघाईने कुणी मारत नाही. आणि आसपास पन्नास पावलांत रस्ता एकसंध होता, कुठे खोदल्याचा डाग नाही की ठिगळ नाही.

मग तिला आठवलं. हा बाण त्यांच्याच टोळीने मारला होता. मुकादमाने कागद उलटा धरला होता म्हणून बाण आधी चुकीच्या दिशेला निघाला आणि पुन्हा करावा लागला, त्यावरून दिवसभर त्याची थट्टा चालली होती. मणी तिनेच फेकले होते. मुकादमाच्या कामाच्या वहीत तारीख सापडली: चार वर्षांपूर्वीची. वळण त्या दिवसापासून तिथेच होतं. पुतणीही तिथूनच वळली होती.

सोमवारी संध्याकाळी ती डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. अंगावर कामाचे कपडे, हातात चाक. बाकावर गालाला हात लावून बसलेले दोन रोगी सरकून बसले. आत डॉक्टर आणि चिटणीस पुढच्या कार्यक्रमाचं काहीतरी ठरवत बसले होते. तिने चाक टेबलाला टेकवून उभं केलं.

“दोनशे आठ मीटर कमी आहे,” ती म्हणाली.

डॉक्टरच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं दिसलं. “बघा. आम्ही तेच कळवलं होतं. वाईट आम्हालाही वाटतं, पण नियम—”

“चार वर्षं कमी आहे.”

“म्हणजे?”

“वळणाचा बाण मी मारलाय. तारीख लिहिलेली आहे. गटार-बिटार काही नाही तिथे. तुमची पुतणी त्याच बाणावरून वळली.” हे ती चिटणीसाकडे बघून म्हणाली. “तिला पैसे मिळाले. तेव्हा रस्ता नाही मोजला कुणी.”

“तिचं नाव मध्ये आणू नका,” चिटणीस उठून उभा राहिला.

“नाव कुठे घेतलं? तिच्याकडून पैसे परत घेणार असाल आणि कचेरीतला तिचा फोटो उतरवणार असाल, तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर मला द्या. रस्ता तोच, मी नऊ सेकंद आधी आले.”

“तुम्हाला पैशांशिवाय दुसरं काही दिसतं का हो?” डॉक्टर म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. “आम्ही वर्षभर झटतो. एक पैसा घेत नाही. आणि तुम्ही इथे माझ्या दवाखान्यात, रोग्यांसमोर...”

“तुम्हाला घ्यायची गरज नाही म्हणून घेत नाही. त्यात कौतुक काय? शुक्रवारपर्यंत थांबते. मग वही, पत्र आणि मी, तिघं वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो.”

गुरुवारी पाकीट घरी आलं. आणणाऱ्या शिपायासमोर तिने मोजलं. पूर्ण होतं. सोबत एक कागद होता, ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असा. तिने सही केली. पुढच्या महिन्यात त्या पैशांतून सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्यासाठी इस्पितळातल्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं.

पण मंडळाच्या पोटातलं दुखणं थांबलं नव्हतं. वर्षअखेरीला त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून रोख बक्षीस बंद. सगळ्यांना पदक, बनियन आणि केळं. ‘धावणं पुन्हा शुद्ध करूया’ असं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

चार दिवसांनी ती इस्पितळाजवळच्या चौकात पट्टे मारत होती. नर्स कामावरून सुटून थेट तिच्याकडे चालत आली. चार वर्षांत पहिल्यांदा बोलली.

“तू घेतलेस. आमचं काय?”

“माझे होते, मी घेतले.”

“माझी दुसरीची रक्कम दरवर्षीची होती. बहिणीची फी त्यातून जायची. तुला काय, तुझं भागलं.”

“मग तू का नाही मोजलास रस्ता? तूही पळतेस त्याच्यावरून.”

“मी तुला निम्मं-निम्मं म्हटलं होतं,” नर्स म्हणाली. “तेव्हा तुला जड गेलं. आता घे सगळं. शून्याचं सगळं.”

आणि ती वळली ती ओल्या पट्ट्यावरून, मुद्दाम टाच रोवत, चालत गेली. भट्टीवाला ओरडला. बुटांचे तळ भाजले असणार, पण तिने मागे पाहिलं नाही. सहा पावलांचे ठसे रंगात उमटले. ते खरवडून काढायला तिला संध्याकाळ झाली, आणि खरवडताना तिने नर्सला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून मुकादमानेही मान दुसरीकडे वळवली.

पुन्हा वाद नको म्हणून मंडळाने त्या वर्षी रस्ता नीट मोजून घ्यायचं ठरवलं. काम कमी दराने करणाऱ्याला दिलं, आणि तो निघाला मुकादम. म्हणजे चाक पुन्हा तिच्याच हातात. तिने पुरे एकवीस किलोमीटर काटेकोर मोजले, वळणाचा बाण पुढे नेला, आणि दिवसाची मजुरी घेतली.

बिनपैशाच्या शर्यतीला ती जाणार नव्हती. पण डॉक्टर कुठेतरी म्हणाला, “आता बघू, किती जणांना खरंच धावायचंय,” आणि ते तिच्या कानावर आलं. ती गेली. सुरुवातीच्या रेघेवर नर्सही उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी जशी ती पळाली तशी कधी पळाली नव्हती. पैसे नव्हते, तेव्हा सांभाळून ठेवण्यासारखंही काही नव्हतं. एरवी ती पुढच्या आठवड्याची शर्यत डोक्यात ठेवायची, पाय राखून पळायची. आज कशाला? नर्सचंही तसंच असावं. दोघी पहिल्या किलोमीटरपासून सुटल्या. पाण्याला थांबल्या नाहीत. कुणी कोपर मारलं नाही, कारण त्यात अर्धं पाऊल वाया गेलं असतं. शेवटच्या चढावर ती चिकटायला गेली आणि नर्सने चिकटूच दिलं नाही. नर्स चार सेकंदांनी जिंकली. पूर्ण अंतर, आणि तरी दोघींच्या वेळा कमी रस्त्यावरच्या त्या वादाच्या विक्रमाहून चांगल्या.

डॉक्टर आनंदाने मंचावर नाचायचा तेवढा राहिला. “मंडळी, पाहिलंत? पैशाचा लोभ गेला आणि माणूस किती उंच जातो! या दोन भगिनींनी आज सिद्ध केलं...”

ती खाली उभी होती. पायांतून पेटके येत होते. तिला वाटलं, आपण या माणसाला हे फुकट दिलं. वर्षभर जे तो सांगत होता ते आपण स्वतःच्या पायांनी खरं करून दिलं, आणि वर केळं घेतलं. इतकी नामुष्की तिला सवलतीच्या चिठ्ठीनेही वाटली नव्हती. नर्सने पदक गळ्यातून काढलं, डॉक्टरच्या समोरच्या टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली. दुसरी आलेल्या तिने स्वतःचं पदक घेतलंच नव्हतं. दोघी मैदानाच्या दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडल्या.

शुद्ध धावणं एक वर्ष टिकलं. बाहेरचे चांगले धावपटू आले नाहीत, वर्तमानपत्रांत फोटो आले नाहीत, आणि खर्च उचलणाऱ्या टायरच्या कंपनीने डॉक्टरला सरळ विचारलं की केळी वाटायला आम्ही कशाला पैसे द्यायचे? बक्षिसं परत आली. पुरुषांची होती तेवढी, बायकांची निम्मी. विक्रमाचं बक्षीस मात्र दोघांना सारखं, कारण ते कंपनीच्या नावाने होतं.

ते नर्सने घेतलं. स्वतःचीच वेळ दोन सेकंदांनी मोडली. पुढच्या वर्षी पुन्हा मोडली, तीन सेकंदांनी. रस्ता पक्का मोजलेला होता, कुणाला तोंड उघडायला जागा नव्हती. हिशोबी बाई. एकदम मिनिटभर मोडली असती तर एकदाच पैसे मिळाले असते.

ती स्वतः त्या वर्षी तिसरी आली, मग पाचवी. चाळिशी जवळ आली होती, कुशीतली कळ आता दुसऱ्या किलोमीटरलाच यायची. एका सोमवारी ती बसने कामाला गेली आणि नंतर बसनेच जात राहिली. कुणी विचारलं, पळणं सोडलं वाटतं, तर म्हणायची, “परवडेना.”

सासूबाईंनी नर्सच्या दुसऱ्या विक्रमाची बातमी वर्तमानपत्रात वाचली. फोटो बराच वेळ न्याहाळला.

“रस्ता तू मोजून दिलास, आणि पैसे ही नेतेय,” त्या म्हणाल्या. “तिने कधी दोन शब्द तरी बोलावेत की नाही?”

“कशाला बोलेल?” ती म्हणाली. “मी तिच्यासाठी नव्हता मोजला. मला त्याची मजुरी मिळाली.”

आणि तिने त्यांच्या हातातून वर्तमानपत्र काढून घेतलं, दुसऱ्या गुडघ्याला शेक द्यायला पाणी तापत होतं ते बघायला आत गेली.